गाळणीआडचा कॅमेरा

जगात जे जे म्हणून पडू शकतं, त्या सगळ्याची काळजी देवाने एकाच माणसावर सोपवली आहे, आणि तो माणूस माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाकणच्या एका कारखान्यात ते पॅकिंग खात्यात साहेब आहेत. मोटारींचे सुटे भाग ज्या खोक्यांतून परदेशी जातात ती खोकी उंचावरून पाडायची, उघडायची आणि आतल्या मालाला कुठे लागलंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर वस्तू पाडून पाडून या गृहस्थांचं मन इतकं हळवं झालं आहे, की घरातलं कपाट उघडतानासुद्धा ते एक हात खाली धरतात. त्यांच्या मोबाइलला सदरा आहे, सदऱ्यावर कोट आहे आणि पावसाळ्यात कोटावर रेनकोट चढतो. फोन वाजल्यापासून तो बाहेर निघेपर्यंत करणारा माणूस कंटाळून समक्ष भेटायला येतो. कोकणातून आलेली आंब्याची पेटी ते उघडतात ती आंबे खायला नाही, पुन्हा नीट भरायला. माझ्या मुलीच्या बारशाला, बाळ पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा सगळ्या बायका हसत होत्या आणि आमचे साडू तेवढे गुडघ्यांत वाकून, ओंजळ पसरून, विकेटकीपरसारखे बाळामागून सरकत होते. कुणीतरी चिडवलं, तेव्हा म्हणाले, "पडणं कुणाला चुकलंय? लागू नये, एवढंच आपल्या हातात."

अशा माणसाला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी ड्रोन भेट द्यायची बुद्धी माझ्या मेहुणीला कशी झाली, हे आजवर तिलाही सांगता आलेलं नाही. "जरा मोकळ्या हवेत जातील म्हटलं," एवढंच ती म्हणते. ड्रोन सुरेख होता, पण त्याच्या पोटाखाली बोराएवढा कॅमेरा लोंबत होता, आणि तो बघताच साडूंच्या कपाळावर जी आठी पडली ती पुढे दोन वर्षं उतरली नाही. ड्रोन कितीही हेलकावला तरी कॅमेरा स्थिर राहावा म्हणून त्याला एक चिमुकली हलती मान असते. तिला गिम्बल म्हणतात. "पंख मोडला तर बाजारात पंख मिळतो, साडूभाऊ," ते मला कळवळून सांगायचे, "पण ही मान मोडली की संपलं. आणि ड्रोन पडला की सगळ्यात आधी टेकते ती हीच. ज्याने हे बनवलं त्याने नाजूक भाग नेमका पोटाखाली का ठेवला असेल?" गिम्बल म्हणजे काय हे समजावून द्यायला एका रविवारी कुरुळीला, आमच्या सासऱ्यांच्या अंगणात, त्यांनी एक कोंबडी धरली. तिचं धड डावीउजवीकडे, खालीवर हलवून दाखवलं. डोकं खरोखरच हवेत खिळल्यासारखं जागच्या जागी! आम्ही टाळ्या वाजवल्या. सासरे, म्हणजे आप्पा, बाजेवरून शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, कळलं समद्यांस्नी. आता सोडा तिला, न्हाईतर अंडी द्यायची बंद व्हईल."

मग साडूंनी ड्रोनचं पॅकिंग सुरू केलं. पंखांभोवती गोल कडी आली. पायांना स्पंजचे जाडजूड बूट आले, म्हणजे पोट जमिनीपासून चार बोटं तरी वर राहावं. कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची टोपी विकत मिळते, ती त्यांना नापास वाटली. कारखान्यातल्या सवयीने त्यांनी ती तीनदा पाडून बघितली होती. शेवटी एका सकाळी मेहुणी चहा गाळायला गेली तर गाळणी जागेवर नव्हती. ती ड्रोनच्या पोटाखाली, दांडा कापून, उलटी बसली होती आणि तिच्या आत कॅमेरा पिंजऱ्यातल्या पोपटासारखा टुकूटुकू बघत होता. एवढं ओझं घेऊन ड्रोन उडताना गरोदर बाईसारखा धापा टाकायचा. उतरवायची पद्धत तर त्यांच्या चिंचवडच्या सोसायटीत अजून प्रसिद्ध आहे. ड्रोन जमिनीवर टेकवणं त्यांना मंजूरच नव्हतं. गच्चीवर गोधडी पसरायची, तिची चार टोकं चौघांनी धरायची आणि ड्रोन सरकेल तसं चौघांनी सरकायचं. संध्याकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी काही दिवस हौसेने धरायची, नंतर जिन्यात साडू दिसले की तोंड चुकवायची. सोसायटीच्या चेअरमनना गोधडीच्या नादात पाठीत उसण भरली, तेव्हा साडू त्यांना बघायला गेले आणि पलंगाच्या कडेला उशी लावून आले.

पण खरी गंमत चित्रणात होती. गाळणीच्या आतून काढलेलं, त्यामुळे आख्खं चिंचवड जाळीमागे. नदी जाळीमागे, देऊळ जाळीमागे. माझ्या पुतण्याच्या मुंजीत त्यांनी मांडवावरून सगळ्या कुटुंबाचा फोटो घेतला; तो बघून माझ्या बहिणीने विचारलं, "आपल्याला जामीन कधी मिळणार?" साडू जराही ओशाळले नाहीत. "जाळी दिसते ना? मग कॅमेरा सुखरूप आहे," ते म्हणाले.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पा कुरुळीचे जुने रहिवासी. त्यांची जमीन फार पूर्वी दुसऱ्याच एका कारखान्यात गेली, मोबदला आला, त्यातून खोल्या बांधल्या, खोल्यांत कामगार भाडेकरू आले. पैशाअडक्याची तक्रार नव्हती. हळहळ एकाच गोष्टीची होती. त्या जमिनीत त्यांनी तरुणपणी, धाकट्या भावाबरोबर, स्वतः सुरुंग लावून खोदलेली विहीर होती. भाऊ पुढे वारला. विहीर कारखान्याच्या भिंतीआड गेली. ती बुजवली की ठेवली, हेसुद्धा कुणी धड सांगत नव्हतं. आप्पा वर्षा-दोन वर्षांतून एकदा फाटकापर्यंत जायचे. "काय काम आहे?" असं दारावरचे विचारायचे. "काम काय न्हाई. बघायचंय," असं आप्पा म्हणायचे, आणि बघायला आत सोडण्याची पद्धत नसल्यामुळे परत यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. त्या दिवशी घरी येताना आप्पा गाडीत एवढंच बोलले, "इहीर तेवढी बघायची ऱ्हायली."

साडू गाडी चालवत होते. पुढच्या रविवारी सकाळीच ते ड्रोनची पेटी घेऊन कुरुळीत हजर. तिथे उडवायला मोकळीक आहे का, हे त्यांनी नकाशात बघून ठेवलं होतं. भिंतीच्या आत मात्र जायचं नाही, बाहेरूनच वर चढून बघायचं, हा नियम त्यांनी स्वतःच घातला. भिंतीलगतच्या एका पडीक तुकड्यावर आम्ही आप्पांना खुर्चीत बसवलं. ड्रोन धापा टाकत वर गेला. आप्पांनी चित्र दाखवणारा मोबाइलचा पडदा डोळ्यांशी धरला, लांब केला, परत जवळ आणला.

"दिसतंय का, मामा?" साडूंनी विचारलं.

"जाळी दिसतीया," आप्पा म्हणाले. मग समजूत काढल्यासारखे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. माझ्या डोळ्यांचाच दोष."

साडूंनी ड्रोन उतरवला. जमिनीवर बसले आणि एकेक करून सगळं काढायला लागले. कडी काढली, बूट काढले. गाळणीवर हात थांबला. थंडीत लेकराच्या अंगातला स्वेटर काढताना बापाचा चेहरा होईल तसा त्यांचा झाला होता. मी म्हटलं, "वारा आहे हो आज." ते म्हणाले, "आहे खरा." आणि गाळणी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

मोकळा झालेला ड्रोन असा काही उसळला की आम्हीच दचकलो. पडद्यावर निळ्या पत्र्यांची छपरं आली, ओळीने उभे ट्रक आले, भिंत आली. भिंतीच्या कोपऱ्यात एक झाड होतं.

"त्यो उंबर," आप्पा एकदम म्हणाले. "माझा हाय त्यो. खाली बघा, त्येच्या अंगाला बघा!"

उंबराशेजारी, भिंतीला अगदी लागून, दगडी कठड्याचं काळं वर्तुळ होतं. विहीर होती. बुजवली नव्हती. आप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ते बोट काही केल्या उचलेनात.

"पाणी हाय का वो तिच्यात?"

ते बघायला अजून वर जायला हवं होतं. साडूंनी ड्रोन आणखी चढवला, आणि तेवढ्यात घार आली. उंबरावर तिचं घरटं असावं. पडद्यावर एक तपकिरी पंख फडकला, आभाळ आलं, छपरं आली, पुन्हा आभाळ आलं, मग दगड आले आणि पडदा काळा झाला. साडू हातातलं ड्रोन चालवायचं यंत्र नुसतं धरून उभे राहिले. माझ्या हातात गाळणी होती. ती कुठे लपवावी मला कळेना.

"पडलं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"विहिरीत, मामा."

"कंच्या?"

"तुमच्या."

"मंग गेलं कुठं?" आप्पा टोपी सारखी करत उठले. "आपल्याच इहिरीत पडलंय न्हवं? चला."

फाटकावर साडूंनी घडलं ते सगळं खरं खरं सांगितलं. तिथला सुरक्षा अधिकारी भडकला, मग त्याने फोन केले, मग बराच वेळ आम्हाला उन्हात उभं केलं. शेवटी म्हणाला, "वस्तू कुणाची आहे? मालकाला एकट्याला सोडतो, माझ्यासोबत. बाकीचे इथंच थांबा. आणि चित्रण आधी मला दाखवायचं."

हा तो ड्रोन, ज्याला साडूंनी मला कधी नीट हातही लावू दिला नव्हता. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यांचा आहे. मालक हेच."

अधिकाऱ्याने धोतर-टोपीतल्या त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, साडूंकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने आप्पांचा हात धरला. "चला काका, सावकाश."

ते दोघं शेडच्या मागे दिसेनासे झाले. आम्ही फाटकाबाहेर थांबलो. साडू एरवी अशा वेळी ड्रोनच्या मानेबद्दल किती बोलले असते, पण ते मला सारखं एकच विचारत होते, "साडूभाऊ, कठडा किती उंच असेल हो? वाकले तर?" 

आप्पा आले ते धोतर गुडघ्यापर्यंत भिजवून आणि छातीशी उपरण्याचं गाठोडं धरून. ड्रोन विहिरीच्या आतल्या पायरीवर अडकला होता. साडूंनी गाठोडं उघडलं. मान मोडली होती आणि कॅमेरा एका केसासारख्या तारेवर लोंबत होता. त्यांनी तो बघितला, पुन्हा झाकला आणि विचारलं, "मामा, पाणी?"

"हाय," आप्पा म्हणाले. "गोड हाय. ओंजळभर प्यालो."

अधिकाऱ्याने चित्रण बघितलं आणि त्यातलं काही काढून न टाकता परत दिलं. ड्रोन काही दुरुस्त झाला नाही. त्याची मान मिळाली नाही, आणि साडूंनी फारशी शोधलीही नाही. आप्पांची नजर या वर्षात जवळजवळ गेलीच. पण अजूनही रविवारी साडू कुरुळीला जातात, बाजेवर आप्पांच्या शेजारी बसतात आणि ते चित्रण लावतात. आप्पांना त्यातलं काही दिसत नाही. साडू हलक्या आवाजात सांगत जातात, "आता पत्रे आले, मामा... आता भिंत... हा उंबर आला... हा कठडा." आप्पा म्हणतात, "हां. आता जरा थांबवा." आणि साडू तिथेच थांबवतात, घार यायच्या आधी.