चौथा बोल्ट

वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या रोजनिशीत नोंद आहे: मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळपासून कडक ऊन. दहाला विमा कार्यालयाचं पत्र आलं. खालच्या गॅरेजचे मिस्त्री सव्वाबाराला वर आले, फोन लावून द्या म्हणाले. चेहरा पांढराफटक. पाऊण वाजता खाली गेले.

मिस्त्रींच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक चौतीस वर्षं म्हणत आले होते. गाडीखाली आडवं व्हायचं, न बघता हात वर घालायचा आणि कुठला नट किती सैल आहे ते पडल्या पडल्या सांगायचं, ही त्यांची ख्याती. पण गेल्या हिवाळ्यापासून त्या डोळ्यांवर झापड येऊ लागली होती. आधी करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारची दोन. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकला, तर चटका कळायच्या आधी जळका वास आला. तेव्हापासून आपली भीती कुणाला दिसू नये म्हणून मिस्त्री आवाज चढवून बोलत.

अशात जावयाची गाडी आली. जावयाला गाडी खाली बसवायची भारी हौस. आखूड स्प्रिंगा टाकून त्यानं ती चार बोटं खाली आणली होती. त्यामुळे मागची चाकं वरून आत झुकली आणि टायर आतल्या कडेनं झिजून तारा दिसायला लागल्या. गाडी मात्र रोज चालवायची मिस्त्रींची मुलगी. डोंगरापलीकडच्या इस्पितळात ती नर्स होती.

"बाबा, ॲडजस्टेबल आर्म टाकू या," जावई म्हणाला. "चाक धरणाऱ्या त्या दांड्याची लांबी हवी तशी कमीजास्त करता येते. चाक सरळ उभं राहील."

"आणि ती लांबी पकडून ठेवणारा चेकनट सैल झाला की? लांबी आपोआप बदलणार, चाक न सांगता वळणार. त्यापेक्षा रबरी बुश बरे. भोक मध्यापासून जरा सरकवलेले मिळतात, त्यानंही चाक थोडं सरळ होतं. रबर फाटायच्या आधी कुरकुरतं तरी."

"पण बुशनं चाक सरळ होऊन होऊन किती होणार? अर्धा अंश! आपल्याला दोन हवेत."

"जावईबापू, गाडी तुम्ही खाली बसवलीत, आता अक्कल तरी वर ठेवा."

मुलगी खळखळून हसली. मिस्त्रींचं म्हणणं खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. आर्मचा चेकनट बसला की नाही, हे शेवटी बोटांनाच कळावं लागतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी एकट्यानं जुन्या आर्मच्या सांध्यांत रबरी बुश घातले. रबरी बुशचा एक नियम असतो. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं, आणि पिळलेलं रबर लवकर फाटतं. हा नियम मिस्त्रींनी किती जणांना ओरडून शिकवला असेल. पण इतकी खाली बसलेली गाडी चाकांवर उभी करायची म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, पाठीवर सरपटत आत शिरायचं आणि अंधारात चाचपडत पाना लावायचा. मिस्त्रींनी ठोकळ्यांकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि लिफ्टवरच, चाकं हवेत असताना, चारही बोल्ट आवळून टाकले.

साडेअकराला मुलगी दुपारच्या पाळीसाठी गाडी घेऊन निघाली. मिस्त्री डबा उघडून बसले. घास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. रबर पिळलंय हे त्यांना ठाऊकच होतं, ते आज फाटणार नव्हतं. पण चौथा बोल्ट? तो आवळला गेला होता, की पाना नुसता निसटून फिरला होता? आठवेना. बोटांनी काही सांगितलंच नव्हतं.

त्यांनी फोन काढला. बधिर अंगठा भलत्याच आकड्यांवर पडत होता. तीनदा चुकीचा नंबर लागला. मग ते जिना चढून वरच्या बाईंकडे गेले. बाईंनी नंबर लावला. घंटा वाजत राहिली.

"पुन्हा लावा, बाई."

"गाडी चालवताना ती उचलायची नाही. तुम्हीच शिकवलंय तिला."

"लावा हो!"

मिस्त्री खिडकीचा गज धरून उभे होते. पेट्रोल पंपापुढे डोंगराचा उतार, उतारावर सात वळणं. ते एकेक वळण मनात मोजत होते. चौथ्या खेपेला फोन उचलला गेला.

"बाबा? पंपावर थांबलेय पेट्रोलला. मागे ठकठक वाजतंय, मला वाटलं डबा पडला असेल."

"खाली उतर. किल्ली काढ. एक पाऊलसुद्धा पुढे नेऊ नकोस."

तीन वाजता क्रेननं गाडी परत आणली. जावईही धावत आला. गाडी लिफ्टवर गेली आणि मुलगीच खाली शिरली. लहानपणी ती याच फरशीवर नट-बोल्ट निवडत बसायची. चौथ्या बोल्टला तिनं दोन बोटं लावली. तो फिरला.

"मी म्हणत होतो ना, आर्म—" जावयानं सुरुवात केली.

"तू गप्प. खाली बसवायची हौस कुणाची?" मग ती बापाकडे वळली. "बाबा, हे कसं झालं?"

मिस्त्री स्टुलावर बसले. "आर्म नको म्हणालो ते गाडीसाठी नव्हे. मला बोटांना कळत नाही गं. हिवाळ्यापासून."

"आणि तसेच माझ्या गाडीखाली गेलात?"

"आर्म मागवा," ते जावयाला म्हणाले. "बसवायचे कसे ते मी सांगेन. आवळेल ही."

मुलगी हात पुसता पुसता थबकली. "हिवाळ्यापासून इथून किती गाड्या गेल्या?"

ही भीती मिस्त्रींनी आजवर स्वतःजवळसुद्धा उच्चारली नव्हती. त्यांनी कामांची वही काढून तिच्या हातात दिली. एकेचाळीस गाड्या होत्या. तिनं पहिला नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"मी मिस्त्री बोलतोय," ते म्हणाले. "गाडी कुठे आहे तुमची? उभीच ठेवा. मी येतोय."

बाईंच्या रोजनिशीत त्या दिवसाच्या पानावर शेवटी आहे ते असं: संध्याकाळी इस्त्रीचे कपडे आले. उशीचा एक अभ्रा कमी.