पाठमोरी सिदोनी

सेन नदीकाठच्या लाकोंब बाईसाहेबांच्या बागेत मी एकतीस वर्षं माळीकाम केलं. तेवढ्या काळात बाळांना दूध पाजायला पाच दाया आल्या आणि गेल्या. पाचही मोर्वांच्या डोंगरातल्या. गाय नॉर्मंडीची आणि दाई मोर्वांची, हा पॅरिसवाल्यांचा हट्ट. इतर चौघींची नावं सांगताना आज माझी गडबड होईल. फिलिबर्तचं तसं नाही.

ती आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. थोराड, कमी बोलणारी, हसली की मात्र कोंबड्या दचकून पळाव्यात अशी. स्वतःची चार महिन्यांची सिदोनी सासूजवळ ठेवून ती बाईसाहेबांच्या तान्ह्या गास्तोंला पाजायला आली होती. करार गास्तों दोन वर्षांचा होईपर्यंतचा. दाईचं पोर बंगल्यात पाऊल टाकणार नाही, ही त्यातली पहिली अट. दुधाला दुसरा वाटेकरी नको. तिच्या घराचं अर्धं छप्पर या दुधाच्या पगारावर कौलारू झालं होतं, उरलेलं अर्धं अजून गवताचं होतं.

गास्तों सव्वा वर्षाचा झाला त्या जूनमध्ये त्याचं चित्र काढायला वेर्देले साहेब आले. ते त्या नव्या पंथातले. उन्हातच बसायचं, समोर दिसेल तेच रंगवायचं, आणि ढग आला की ब्रश खाली ठेवून ढगाला शिव्या द्यायच्या. तीन वर्षं जोपासलेल्या माझ्या निळ्या फुलांचे त्यांनी चित्राच्या कापडावर सहा फटकारे केले.

"साहेब, ही माझी फुलं?" मी विचारलं.

"फुलं तुझी, ऊन माझं," ते म्हणाले.

गास्तों फिलिबर्तच्या मांडीवरच काय तो स्वस्थ बसे. त्यामुळे तीही रोज दोन-दोन तास हलायची नाही. आठवड्याने साहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, तुझ्यासारखा धीर पॅरिसमधल्या चित्रासाठी बसणाऱ्या पगारी पोरींना नाही. काय देऊ तुला?"

काय मागायचं ते तिने बहुतेक आधीच ठरवलं होतं. "माझ्या सिदोनीचं चित्र द्या. एवढंसं. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येईनासा झालाय, साहेब."

"कुठे आहे ती?"

"गावी."

"मग कसं काढू? न पाहिलेलं मी काढत नाही."

"या गास्तोंला तरी तुम्ही कुठे पाहिलंय? डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि नाक तर नाहीच!"

साहेब खो खो हसले, पण हटले नाहीत. "पोर समोर आण, काढतो."

स्वयंपाकीण ओनोरीन दारातून ऐकत होती. ती ओरडली, "मंगळवारी बाईसाहेब पॅरिसला शिंप्याकडे जातात. दिवसभर! आन्सेल्मकाका, तुम्ही दाया पोचवणाऱ्या त्या गाडीवानाशी बोला. नाहीतरी तुम्ही दिवसभर काय करता?"

मी बोललो. तिसऱ्या मंगळवारी सासू सिदोनीला घेऊन मागच्या फाटकातून आली. वाटभर उलट्या करून पोर पिवळी पडली होती. फिलिबर्तने गास्तोंला गवतावर ठेवलं आणि हात पसरले. सिदोनीने तिच्या डोक्यावरच्या दाईच्या टोपीच्या लांब लाल फितींकडे पाहिलं, भोकाड पसरलं आणि आजीच्या परकरात तोंड खुपसलं.

"अगं, ही आई तुझी!" सासू म्हणाली. पोरीने आणखीच घट्ट धरलं. तोवर गास्तों रांगत येऊन फिलिबर्तच्या मांडीवर चढला होता आणि "आई, आई" करत तिच्या चोळीच्या गुंड्या ओढत होता.

साहेबांनी कामाला सुरुवात केली. ऊन चांगलं होतं. तासाभराने फिलिबर्त कापडासमोर उभी राहिली. तिच्या कडेवर गास्तों. चित्रात गवतावर एक काळा परकर आणि त्याला बिलगलेली, पाठमोरी, पांढऱ्या झबल्यातली पोर.

"तोंड इकडे करा ना साहेब. थोडंसं."

"तिने केलं नाही, बाई."

"पण तुम्ही करू शकता."

साहेबांनी ब्रश पुसला, परत पुसला. "करू शकतो," ते हळूच म्हणाले. "पण मग ती कुणाचीही पोर होईल."

फिलिबर्त बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे वाळणार कधी?"

"दहा दिवस तरी."

"मग चित्र राहू दे."

तिने गास्तोंला माझ्या हातात दिलं. टोपी काढली, फितींची घडी करून ती ओनोरीनच्या हातात ठेवली. सासू म्हणाली, "वेडी झालीस? करार मोडशील! छपराचं काय?" फिलिबर्त म्हणाली, "पावसात भांडी मांडू, सासूबाई. आजवर मांडतच होतो." आणि तिने सिदोनीला परकरातून सोडवून उचललं. पोर लाथा झाडत होती, तिच्या गालांवर नखं मारत होती, आजीकडे हात पसरत होती. फिलिबर्त तशीच चालत फाटकाबाहेर गाडीकडे गेली, सासू तिच्या मागोमाग.

गाडी वळणाआड जाईपर्यंत सिदोनीचं रडणं ऐकू येत होतं. माझ्या खांद्यावर गास्तों रडत होता. एकाला गप्प करायला निळी फुलं दाखवावीत, तर दुसरीला कोण काय दाखवणार?

बाईसाहेबांनी संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं, तो भाग वेगळा. गास्तों आठवडाभरात वाटीने दूध प्यायला शिकला. गाडीवान दर खेपेला खबर आणायचा: अजून आजीजवळच झोपते, अजून फिलिबर्तच्या हातचं खात नाही. सिदोनीने तिला आई म्हणायला पुढच्या वसंतातला ईस्टर उजाडला.