अर्धं झाडलेलं कोर्ट

मी संशोधनासाठी इस्रायलच्या वाळवंटातल्या अराद गावी होतो, तेव्हा दर शुक्रवारी सकाळी एका शेजाऱ्याशी टेनिस खेळायचो. तरुणपणी मुंबईहून आलेला हा बेने इस्रायली म्हातारा माझ्याआधी येऊन सिमेंटच्या कोर्टावरची वाळू झाडायचा. पण फक्त स्वतःच्या बाजूची! त्याच्याकडे बॉल शहाण्यासारखा उसळायचा, माझ्याकडे वाळूवरून सरपटत निघून जायचा. त्यात बॉलही त्याचेच, लोकर झडून टकले झालेले, म्हणून आणखी सुसाट. बाजू बदलू म्हटलं की म्हणायचा, "तिकडं ऊन डोळ्यांत जातं रे." मग माझे डोळे काय दगडाचे होते?

एकदा चिडून मी पहाटेच गेलो, दोन्ही बाजू लख्ख झाडल्या आणि नव्या बॉलचा डबा उघडला. तो आला, त्यानं सगळं पाहिलं. मग कुंपणाबाहेर जाऊन टोपीभर वाळू आणली आणि शेतात खत टाकावं तशी माझ्या बाजूला पसरली.

"काका, हा कुठला न्याय?" मी ओरडलो.

"इथं आल्यापासून मी पुष्कळ वाळू खाल्ली," तो म्हणाला. "आता तू खा."

आणि टोपीत उरलेली वाळूही त्यानं माझ्याच बाजूला झटकली.