दाखवायचा बेल्ट

बेल्टवाल्या काकांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांचा धंदा होता उंचावर चढणाऱ्यांना सेफ्टी बेल्ट विकण्याचा. ते पंख्याखाली बसत नसत. आमच्या ऑफिसात आले की आधी छताकडे पाहायचे आणि मग खुर्ची दीड हात बाजूला सरकवायचे. लग्नाच्या हॉलमध्ये गेले की मागचं दार कुठे उघडतं ते बघून यायचे. दाराला कुलूप दिसलं की किल्लीवाल्याला शोधत फिरायचे, तोवर पंगतीतली जिलेबी संपलेली असायची. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळ जागा मिळाली नाही तर गाडी सोडून द्यायचे. बडनेऱ्याहून अकोल्याला यायला निघालेला हा माणूस कधी कधी तीन-तीन गाड्या सोडत असे.

मी तेव्हा अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून नवाच लागलो होतो. नव्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटायचं की या माणसाच्या भीतीमागे काहीतरी घडलेलं असणार. एकदा चहा पिताना मी विचारलंच, "काका, तुमच्या घरचं कोणी पडलं होतं का?"

काकांनी बशीतला चहा फुंकला. "नाई बाप्पा. कोणीच पडलं नाई. काहून, भेव लागासाठी घरचं कोणी पडाच लागते काय?"



आमच्या भागात औद्योगिक सुरक्षेच्या परिषदा भरतात. कधी अमरावतीला, कधी अकोल्याला, कधी यवतमाळला. आत भाषणं चालू असतात, आणि बाहेरच्या मांडवात सामान विकणाऱ्यांचे स्टॉल असतात. भाषणाला बसलेले निम्मे लोक डुलक्या घेत असतात आणि उरलेले निम्मे बाहेर स्टॉलवरच्या फुकटच्या पिशव्या गोळा करत असतात. काका एकही परिषद सोडत नसत. काकू बरोबर असायच्या. लोखंडी पाइपची एक उंच चौकट, तिच्यावर चढवलेलं रेतीचं पोतं, आणि पोत्याला काकांचा जुना शर्ट. या पोत्याला काका 'पाव्हणे' म्हणायचे. "पाव्हणे, उतरता काय?" असं विचारून ते खटका ओढायचे. पोतं धाडकन खाली यायचं, बेल्ट त्याला हवेतच धरायचा, आणि काका दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. शेकडो वेळा पाहिलेलं पडणं त्यांना पाहवत नसे. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

पोतं हवेत धरलं जातं ते एका पुडीमुळे. बेल्टाच्या दोरीला हाताच्या पंजाएवढी एक पुडी असते. तिच्यात पट्टी घडी घालून शिवलेली असते. माणूस पडला की ती शिलाई टराटरा उसवत जाते आणि झटका खाऊन टाकते. पण हे एकदाच. काका सांगायचे, "झटका खाल्ला का बेल्ट मेला. मंग त्याले कापाचा. फेकाचा नाई, कापाचा. फेकलेला कोणीतरी उचलते." आपल्या गिऱ्हाइकांचे मेलेले बेल्ट ते स्वतः कात्रीने कापून टाकत. फक्त एक बेल्ट त्यांनी ठेवला होता, दाखवायला. दर परिषदेला नवा बेल्ट मारणं काही शक्य नव्हतं. म्हणून पोतं पडून झालं की काकू स्टॉलमागे बसून ती पुडी पुन्हा घडी घालून घरच्या लाल दोऱ्याने शिवायच्या. त्यांचा हात इतका सफाईदार होता की बेल्ट नवा वाटायचा. पोतं होतं चाळीस किलोचं, तेवढं तो बेल्ट धरत असे. माणसाचं वजन त्याला झेपणार नव्हतं. त्याच्यावर काकांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती, 'फक्त दाखवण्यासाठी'.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

अमरावतीच्या परिषदेचा शेवटचा दिवस होता. सोमवारी आमच्याकडे तपासणी होती आणि मला सहा बेल्ट हवे होते. काका-काकू जेवायला गेले होते. आपल्याकडे स्टॉलवाले एकमेकांचे स्टॉल सांभाळतात, तसे शेजारचे आग विझवण्याची नळकांडी विकणारे गृहस्थ काकांचाही स्टॉल पाहत होते. खोक्यांत पाचच बेल्ट निघाले. सहावा स्टँडवर लटकत होता, अगदी कोरा. चिठ्ठी मी वाचली. न वाचता काढली असती तर आज मला थोडं बरं वाटलं असतं. मांडणी रिकामी दिसू नये म्हणून दुकानदार अशा चिठ्ठ्या लावतात, एवढाच माझा समज. परिषदांत पोतं पडताना पाहिलं होतं, मेलेल्या बेल्टाचं ऐकलं होतं, पण काकूंची शिलाई मला माहीत नव्हती आणि तेच पोतं याच बेल्टावर पडतं हे डोक्यात आलं नाही. मी चिठ्ठी तोडली, चुरगळून खिशात घातली आणि शेजाऱ्यांना म्हणालो, "काकांना माहीत आहे." काकांना काहीही माहीत नव्हतं.

तपासणी छान झाली. सहा बेल्ट सहा खुंट्यांवर पाहून साहेब खूश झाले.

महिनाभराने एका दुपारी स्टोअरमध्ये बसलो असताना काकांचा फोन आला. 'नमस्कार सायेब' वगैरे काही नाही.

"सायेब, तुमच्याकडले बेल्ट पाहा बरं. एखाद्याच्या पुडीले लाल दोरा हाये काय?"

मी खुंट्यांकडे पाहिलं. पाच बेल्ट होते. पाचही पुड्यांची शिलाई काळी. सहावी खुंटी रिकामी होती, कारण सकाळी मीच तो बेल्ट बबनच्या हातात दिला होता. बबन आमचा जुना फिटर. शेडच्या कडेची पन्हळ कापसाच्या कचऱ्याने तुंबली होती, ती साफ करायला तो वर गेला होता.

"काका, एक वर गेलाय."

मग काका बोलू लागले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात भीतीचा लवलेश नव्हता.

"दाखवाचा बेल्ट तुमच्या मालात गेला सायेब. माही चूक झाली. तो माणसाले धरणार नाई. आता मी सांगतो तसं करा. फोन बंद करू नका. खिशात ठेवा, आवाज मोठा करून."

चूक कोणाची ते मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. एक बेल्ट अंगात चढवला, दुसऱ्याची दोरी खांद्यावर टाकली आणि शिडीकडे धावलो.

मला उंचीची भीती वाटते. सुरक्षा अधिकाऱ्याने हे कबूल करायचं नसतं, पण वाटते. शेड चाळीस फूट उंच, खाली सिमेंटचं अंगण आणि त्यावर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या कापसाच्या गाठी. शिडीच्या मध्यापासून मी फक्त पुढच्या पायरीकडे पाहत चढलो. खिशातून काकांचा आवाज येत होता.

"त्याले मागून हाका मारू नका सायेब. मागून हाक आली का माणूस वळते. वळला का भार पडते."

वर सिमेंटचे पत्रे. बबन पलीकडच्या कडेला उकिडवा बसून पन्हळीत वाकला होता. त्याची दोरी पाठीमागे छपरावर ताणून बांधलेल्या पोलादी तारेत अडकवलेली आणि ताठ ओढलेली होती. तो निवांत तिच्या जिवावर बाहेर झुकला होता. का झुकणार नाही? मीच त्याला सकाळी सांगितलं होतं, "बिनधास्त रहा, बेल्ट आहे."

"पाय बोल्टाच्या रांगेवर ठेवा. खाली तिथंच लोखंड असते. मधी पाय पडला तं पत्रा जाईन. पाह्यलं? चाला. हळू."

मी चाललो असं म्हणणं खोटं ठरेल. मी रांगलो. पत्रा तापलेला होता, तळहात भाजत होते, ते मला रात्री घरी कळलं. अर्ध्यावर आलो तेव्हा मला ती पुडी दिसली, आणि तिच्यावरचा लाल दोरा. एका टोकाचे टाके सुटलेले होते. मी पाहत असताना बबन आणखी पुढे वाकला आणि अजून एक टाका सुटला. आवाज अगदी बारीक आला, आपण शर्टाचं बटण ओढून तोडावं तेवढा.

"काका, सुटतंय," मी कुजबुजलो.

"सुटू द्या. तुमी दोऱ्याकडे पाहू नका. त्याच्या पाठीवर कडी हाये, ते पाहा. आधी तुमची दोरी तारेत टाका. टाकली? आता खांद्यावरची. तिचं एक टोक तारेत. टाकलं? आता दुसरं टोक त्याच्या कडीत. गाईच्या गळ्यात दावं टाकता ना, तसं. बोलत बोलत. त्याले समजू द्या तुमी आले म्हणून."

"बबन," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हलू नको रे. तुझ्या पाठीला कचरा लागलाय."

"लागू द्या ना सायेब, कचऱ्यातच बसून रायलो," बबन न वळता म्हणाला.

कडी लागायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. खट् असा आवाज झाला आणि मी पत्र्यावर पालथा पडून राहिलो. बबन वळला. "आबाबा! तुमी वर काहून आले?" त्याच क्षणी उरलेला लाल दोरा उसवला आणि जुनी दोरी सैल होऊन पत्र्यावर पडली. नव्या दोरीने त्याला फक्त एक हिसका दिला.

"लागली, काका," मी खिशाला म्हणालो.

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग काकूंचा: "अवो, बसा. बसा म्हणते ना. पानी देऊ काय?"

दुसऱ्या दिवशी काका आले. पहिल्याच गाडीने आले, खिडकीची जागा न पाहता. मॅनेजरसमोर हात जोडून म्हणाले, माझी चूक झाली, दाखवायचा बेल्ट मालात गेला. मॅनेजर वाट्टेल ते बोलले. मग बबनला बोलावलं. बबनने त्यांना आईवरून शिव्या दिल्या. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी शेजारीच उभा होतो. नोकरी नवी होती, मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. भीती पत्र्यावर होती त्याहून जास्त होती, एवढंच सांगतो.

अशा बातम्या आमच्याकडे फार लवकर पसरतात. पुढच्या परिषदेत काकांच्या स्टॉलपुढे कोणी थांबेना. लोक लांबूनच बोट दाखवत. त्यानंतर काकांनी स्टॉल घेणंच सोडून दिलं.

दोन वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं आणि मी बडनेऱ्याला गेलो. काका पलंगावर बसले होते. पंखा अर्थातच पायाकडच्या बाजूला होता. काकू चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठी, खिसा, शेजाऱ्यांना मारलेली थाप, सगळं.

काका म्हणाले, "मले तवाच मालूम होतं सायेब. पुढच्या परिषदेचं सामान काढलं तं पेटीत बेल्ट दिसला नाई, म्हणून मी त्या शेजाऱ्याले फोन केला. त्यानं तुमचं नाव सांगतलं. म्हणून तं पयला फोन तुमाले लावला."

"मग फोनवर मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुमचे हात थरथरले असते. ते हात बबनच्या पाठीकडे जाणार होते."

"आणि दुसऱ्या दिवशी? मॅनेजरसमोर?"

काकांनी उशी पाठीशी नीट लावली. "पाहा, बेल्टवाला खोटा निघाला तं लोक दुसरा बेल्टवाला आणतीन. पन त्यायचा सुरक्षेवाला सायेब खोटा निघाला तं ते बेल्टच घालनार नाई. तीस-चाळीस मानसं हाये तुमच्याकडे, कोणी ना कोणी रोज वर चढते. मले त्यायचं भेव लागलं."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि काही न विचारता कप माझ्यापुढे ठेवला.

त्याच हिवाळ्यात काका गेले. तेराव्याला मी गेलो होतो. पोतं अजून पडवीत होतं, शर्टासकट.

बबन मात्र कॅन्टीनमध्ये ती गोष्ट रंगवून सांगतच होता. "तो बुढा मारतच होता मले," असं म्हणून तो हशा मिळवायचा. ते मला ऐकवेना. शेवटी एका सकाळी स्टोअरमध्ये दोघेच असताना मी त्याला खरं सांगितलं. मारेल, ओरडेल, मॅनेजरकडे जाईल, या सगळ्याची मी तयारी केली होती.

बबनने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग मी त्या बुढ्याले आईवरून शिव्या देल्या, ते?"

मी खुंट्यांकडे पाहिलं.

"तुमी तं बाजूलेच उभे होते."

तो मॅनेजरकडे गेला नाही. कॅन्टीनमध्ये ती गोष्ट सांगणं त्याने बंद केलं. बोलतो माझ्याशी, कामापुरतं. पण वर चढायची वेळ आली की मी खुंटीवरचा बेल्ट काढून पुढे धरतो, आणि बबन माझ्या हाताला वळसा घालून दुसरा काढतो.