बावीस कॅरेटचे काका

एका खऱ्याखुऱ्या गिनीला मी खोटी ठरवलं. माझे बाकीचे गाढवपणे तुम्हाला पाठ आहेत — मीच चहा पाजून पाजून ऐकवलेत. हा मात्र तुमच्यापैकी कुणाला कधी सांगितला नाही. का? बाकीच्यांत हसं माझं झालं होतं. यात — सांगतो.

त्या दसऱ्याला मी बँकेतून सोन्याचं नाणं घेतलं. प्लॅस्टिकच्या कार्डात बंद, वर शुद्धतेचा आकडा छापलेला. वारज्याहून मावशीकडे आपट्याची पानं द्यायला गेलो तो ते खिशात घालूनच. मिरवायला, दुसरं काय?

मावशीच्या साखळीत इंग्रजांच्या काळातली सोन्याची एक गिनी असायची. लग्नानंतर काकांनी तिच्यासाठी घेतलेली ती पहिली वस्तू. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. गिनीवरच्या राजाचे नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेले. मी माझं नाणं शेजारी ठेवलं. माझं पिवळंधमक, तिची तांबूस. झालं! मी गिनी घेऊन तडक सराफाकडे. यंत्रावर आकडा आला — बावीस कॅरेट. माझं चोवीस.

परत येऊन भरल्या घरात निकाल दिला: भेसळ आहे, तांबं! सगळे हसले. मावशी हसली नाही. म्हणाली, "यांना माहीत असेल का रे?"

इथे तरी थांबावं की नाही? मी म्हणालो, "मावशी, काका पक्के पुणेकर. माहीत नसेल होय?"

पुन्हा हशा. पुढे ती गिनी तिच्या गळ्यात मला दिसली नाही.

आठच दिवसांनी नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो. तिथे शेखसाहेब होते — जुनी नाणी जमवण्यात हयात गेलेला माणूस. त्यांना हा किस्सा रंगवून सांगितला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, गिनी बावीसचीच असते. तांबं मुद्दाम घालायचे. बाजारात या हातातून त्या हातात फिरायची ती — चोवीसचं मऊ सोनं टिकलं असतं का? तुमचं नाणं कुठे फिरणार? ते प्लॅस्टिकमधून बाहेर तरी येतं का?"

राजाचा चेहरा पुसला गेला तो इतक्या हातांनी त्याला खरं मानलं म्हणून! आणि मी — मी काय केलं होतं? गेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर लबाड ठरवलं होतं. एका हशासाठी.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. आपल्याला सोन्यातलं कळतं ही ऐट जाईल — एवढंच कारण. शोधूनही दुसरं सापडत नाही. दर दसऱ्याला जायचो, तिचा मोकळा गळा बघायचो, चिवडा खायचो, निघायचो. गिनी मोडली असणार, असं धरून चाललो. विचारायची छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात मावशी मोठ्या आजारातून उठली. तेव्हा गेलो. मान खाली घालून सगळं बोललो. वर बघितलं तर तिच्या हातात साखळी, आणि साखळीत — गिनी!

"सोनारानं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू आलास की काढून ठेवायचे. म्हटलं, बघू कधी तोंड उघडतोय."

तिनं शांतपणे साखळी गळ्यात घातली.

"वारज्याहून एवढं एक वाक्य आणायला अकरा वर्षं? रांगत निघाला होतास का रे?"