टाकीतल्या अक्षता

गाडीच्या इंजिनाचं तेल इंजिनाच्या पोटातच असतं आणि तिथल्या तिथं फिरतं. पण गाडी शर्यतीत पळवायची म्हटली की ही सोय पुरत नाही. ताट तिरपं केलं की वरण एका कडेला जातं, तसं दणकून वेग घेताना तेल एकीकडे जमा होतं, पंप नुसती हवा ओढतो आणि इंजिन कोरडं फिरतं. म्हणून तेलाला बाहेर वेगळी टाकी करायची, पंपही बाहेर बसवायचा आणि सगळा कारभार नळ्यांनी जोडायचा. माझी उमेदीची वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक नळ्या बनवण्यात गेली, त्यामुळे स्वतःचं गॅरेज टाकल्यावर असली कामं माझ्याकडे यायला लागली. नळीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मी चारचौघांत म्हणत असे. आता म्हणत नाही.

ही गाडी धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांची. आठवडाभर लोकांची मोडलेली हाडं जोडायची आणि सुट्टीला स्वतःची मोडतील अशा वेगानं गाडी पळवायची, हा त्यांचा छंद. तेलाचा रस्ता मी स्वतः आखला होता. टाकीच्या तळाला बारीक जाळी, जाळीतून तेल पंपात, पंपातून फिल्टरमध्ये आणि तिथून इंजिनात. फिल्टरच्या पुढून एक करंगळीएवढी नळी वेगळी काढून टर्बोला दिली होती. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तो इतका भन्नाट फिरतो की तेल थोडा वेळ जरी तुटलं तरी त्याचा दांडा जळून जातो. ही सगळ्यात बारीक आणि सगळ्यात नाजूक नळी मी शेवटी ठेवली, आणि दसऱ्याच्या सकाळी घाईघाईत केली. कारण डॉक्टरांना इंजिन मुहूर्तावरच सुरू करायचं होतं आणि नाही म्हणायची मला सवय नाही.

आई गेल्यापासून दसऱ्याला माझ्या गॅरेजातल्या हत्यारांची पूजा ताई करते. ती माझी मोठी बहीण, कामठीला दिलेली. सासरी घरचेच पावरलूम आहेत, पण त्या मागांची पूजा सासू करते आणि सासूनंतर मोठ्या जावेचा नंबर. म्हणजे ताईच्या वाट्याला पूजा आहे ती एवढीच, माझ्या पान्यांची आणि ग्राइंडरची. त्यासाठी ती नवी साडी नेसून, पितळी ताट पिशवीत घालून, शेअर ऑटो नि बस बदलत येते. साध्या स्क्रू-ड्रायव्हरलासुद्धा कुंकू लावल्याशिवाय सोडत नाही, आणि मी वर्षभर तिला त्यावरून चिडवतो.

त्या दिवशी डॉक्टर आले होते, त्यांचे गाडीवेडे मित्र आले होते. टाकीत तेल ओतून मी झाकण बाजूला ठेवलं होतं. ताईनं वर केलेल्या बॉनेटला झेंडूचा हार घातला, ओवाळलं आणि अक्षता टाकल्या. तांदळाचे दोन-चार दाणे उघड्या टाकीत गेलेले मी बघितले. पण मंडळी मोबाइल धरून उभी होती. मी काहीच न बोलता झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं.

सुरुवातीला आवाज असा गोड आला की डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग टर्बोतून किंचाळल्यासारखा आवाज निघाला, मागून निळा धूर आला आणि काहीतरी खरखरलं. मी चावी बंद केली. इंजिन गप्प झालं आणि माझं तोंड सुटलं.

“ताई, तुले काही समजते का वं? उघड्या टाकीत तांदूळ टाकते! वाट लावली सगळ्याची!”

ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. “इतका काहून ओरडून राहिला गा?” एवढंच म्हणाली, तेही हळू. मी आणखी बोललो. काय बोललो ते इथं लिहवत नाही, पण “तुझी पूजा तुझ्या घरी करत जा” हे त्यात होतं. आणि तिच्या घरी तिची पूजा नाही हे मला ठाऊक होतं. आपट्याची पानं तिनं कोणाला दिलीच नाहीत. कामाच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. दरवर्षी तिला कामठीपर्यंत सोडायला मी जातो. त्या दिवशी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं खोललं. तांदळाचे दाणे टाकीच्या तळाशी जाळीवर बसले होते. तेलानं चकचकीत झालेले, पण अख्खे. जाळीच्या पलीकडे एकही गेला नव्हता आणि जाणं शक्यही नव्हतं. मग टर्बोची नळी काढली. तिच्या टोकाला, टर्बोच्या बारीक भोकात, काळ्या रबराची एक साल अडकली होती. नळीत फिटिंग, म्हणजे जोडाचं धातूचं टोक, घुसवताना आधी आतून तेलाचं बोट फिरवावं लागतं, नाहीतर फिटिंगची कड आतलं रबर सोलते. माझ्या हातून असंख्य नळ्या गेल्या असतील, एकही कोरडी घुसवली नसेल. दसऱ्याच्या सकाळी मात्र ती जरा जड गेली होती, आणि मी दात-ओठ खाऊन दाबली होती. ते दाबणं मला तेव्हा लख्ख आठवलं.

रबराची ती साल हातात घेऊन मी स्टुलावर बसलो. टाकीत पडलेलं काहीही टर्बोपर्यंत पोचायचं तर जाळी आणि फिल्टर दोन्ही ओलांडून जावं लागेल. हा रस्ता मीच आखला होता. ओरडण्याआधी मी एकदा नुसतं त्या नळ्यांकडे बघितलं असतं तरी पुरे होतं. माझी मलाच शिसारी आली.

तरी पुढचं त्याहून वाईट आहे. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. “काय हो, भात शिजला का टाकीत?” असं म्हणून ते खो खो हसले. ताईचा किस्सा त्यांनी मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता आणि नवा टर्बो ते स्वतःच मागवणार होते, घरच्या बाईनं केलं त्याला तुम्ही काय करणार म्हणून. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी त्यांच्यासोबत हसलो. नंतर गॅरेजात जो येई तो भाताबद्दल विचारी, आणि मी प्रत्येक वेळी हसत राहिलो.

भाऊबीजेला कामठीला गेलो. ताईनं रांगोळी काढून पाट मांडला होता. सासू, जाऊ, भाऊजी, सगळे खोलीत होते. मी पाटावर बसलो आणि ताटाकडे बघितलं. कुंकू होतं, सुपारी होती, निरांजन होतं. तांदूळ नव्हते.

“अक्षता वं?” मी विचारलं.

“नाही ठेवल्या गा यंदा. तुह्या शर्टात अडकून एखादा दाणा गाडीत गेला तं?” ती टोमणा मारत नव्हती. खरंच काळजीनं बोलत होती.

भाऊजी म्हणाले, “दसऱ्यापासून हेच चालू आहे तिचं. जो भेटला त्याले सांगते, माह्या हातानं भावाची मशीन गेली म्हणून.”

माझी मान वर होईना. “ताई, तांदळानं काही नाही झालं,” मी म्हणालो. “नळीतलं रबर सुटलं होतं. नळी मी बसवली होती, चुकीची.”

निरांजनाची वात सारखी करत तिनं विचारलं, “कधी समजलं तुले?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“अन् डॉक्टरले सांगितलं?”

मी नकारार्थी मान हलवली.

“सांग मंग. इथंच बसून सांग.”

मी पाटावरूनच फोन लावला. सासू-जावांच्या देखत सांगितलं की चूक माझी होती, बहिणीची नव्हती, आणि टर्बो माझ्या पदरचा लावून देतो. “असं होय,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा त्यांनी माझ्याकडे गाडी पाठवलेली नाही, आणि ते बरोबरच आहे.

ताई उठून आत गेली आणि वाटीत चिमूटभर तांदूळ घेऊन आली. माझ्यासमोर बसून तिनं विचारलं, “लावू?”

मी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. तिनं कुंकू लावलं, त्यावर अंगठ्यानं तांदूळ दाबले. मी डोळे उघडले तेव्हा तिचा डावा हात माझ्या हनुवटीखाली होता. ओंजळ करून तिनं तो तसाच धरला होता, एकही दाणा खाली पडू नये म्हणून.