तीनशे ऐंशीपासून सुरू होणारा राक्षस

"मामा, तू ह्या पुस्तक उलट्या बाजून वाचलंस!"

"पुस्तकाक उलटी बाजू कसली गो? पुस्तक म्हणजे काय सदरो?"

"पयल्याच पानार आकडो बघ. तीनशे ऐंशी. तीनशे ऐंशीपासून कोण सुरवात करता?"

"जपानी करतत. किती पाना उरली, ता लिवन ठेवलेला आसा. सोय बरी आसा. आमच्या जयवंताच्या नाटकाक पण असो आकडो लावक व्हयो. लोकांका कळतला तरी, अजून किती सोसूचा ता!"

सेजलने ते विटेएवढं जाड पुस्तक फणसांच्या मधोमध आपटलं.

"तुझो राक्षस मेलेल्यांका उठयता, मामा. रक्त पिवचा सोडून रक्त वाटीत फिरता. असो राक्षस जगात खंय तरी असता?"

"नसता. म्हणान तर तो माका आवाडलो."

हे भांडण गोव्यात, पेडण्याजवळच्या धारगळला, हमरस्त्याच्या कडेला, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात चाललं होतं. मे महिना, साल अठ्ठ्याऐंशी. मांडव कृष्णनाथचा. दिवसा तो तिथे बसून फणस, आंबे आणि हरमलच्या मिरच्या विकायचा. पण पेडण्यात कुणाला "कृष्णनाथ फणसवालो" म्हणून विचाराल तर कुणी सांगणार नाही. "कृष्णो राक्षस" म्हणा, लहान पोरगंही हाताला धरून आणून सोडेल. सत्तावीस वर्षं तो जयवंतच्या दशावतारी कंपनीत राक्षस होत होता. एकदाही देव झाला नाही. एकदा जयवंतने विचारलं, तेव्हा म्हणाला, "देवाक काय काम? येवचा, हात वर करूचो, जावचा. घाम राक्षसाक."

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. मालक पडद्यामागे गोष्ट सांगतो, कोण कधी येणार आणि कोण कधी मरणार ते ठरवतो. संवाद ज्याचे त्याने तोंडात तयार करायचे. कृष्णनाथच्या तोंडात ते कुठून यायचे देव जाणे. घरी, बाजारात तो पेडण्याची बोली बोलायचा, अंगावर झगा चढला की "हे तुच्छ मानवांनो, माझ्या क्रोधाग्नीत तुमची नगरी भस्मसात होईल!" असं घणाघाती मराठी सुरू. त्या दिवसांत गोव्यातल्या प्रत्येक चहाच्या बाकावर कोकणी की मराठी याचा वाद पेटलेला असायचा. कृष्णनाथला कुणी त्याचा पक्ष विचारला, तर तो म्हणायचा, "राक्षस मराठी, बायल कोकणी, आणि फणस दोनी भाशांनी पिकता."

तर असा हा राक्षस, शिमग्यानंतर दात गमावून बसला. कंपनीतल्या तरण्या मंगेशच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर कपड्यांची ट्रंक घेऊन निघाला होता. वळणावर ट्रंक एकीकडे, राक्षस दुसरीकडे, आणि पुढचे वरचे दोन दात तिसरीकडे. त्यानंतर "अहाहाहा!" म्हणायला गेलं की मधूनच शिट्टी वाजायची. डिचोलीच्या खेळात तर कमालच झाली. आईच्या मांडीवर भोकाड पसरलेलं एक पोर राक्षसाची शिट्टी ऐकून गप्प झालं आणि खुदकन हसलं.

जयवंत पायपेटीवर बसला होता. त्याने ते पाहिलं आणि भाता थांबवला. पाट्यावर लाल रंग खलत बसलेल्या मंगेशकडे त्याने पाहिलं, ते कृष्णनाथनेही पाहिलं.

"कृष्णा, तीस मेक एक खेळ आसा. गोवा राज्य झाल्याक वर्स झाला म्हणान शाळेच्या पटांगणार, सांजच्या चार वाजता. थंय एक तरी पोरगा भियान किंचाळाक व्हया. नाय तर राक्षसाचो झगो मंगेशाचो."

"चार वाजता? उजेडात?"

"उजेडात. सरकारी कार्यक्रम, दीड तासात आटपूचो."

उजेडात भुतालाही कुणी भीत नाही. आणि हा तर दात नसलेला राक्षस.

अशा वेळी सेजल ते पुस्तक घेऊन आली. सेजल त्याच्या बहिणीची, चंद्रावतीची मुलगी. चंद्रावतीच्या हरमलच्या घरात दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना दिलेल्या असतात. चार महिने राहिलेला एक जपानी तरुण जाताना हे पुस्तक खोलीत ठेवून गेला. दर महिन्याला थोडी थोडी छापून येणारी चित्रांची गोष्ट, सगळी एकत्र बांधलेली. याला आमच्याकडे मांगा म्हणतात, असं त्याने हातवारे करून सांगितलं होतं. अक्षर एक कळत नव्हतं. पण पानापानावर एक सुळेवाला, पांढराफटक, लांब झग्यातला खलनायक. सेजलला वाटलं, हा तर मामाच्याच बिरादरीतला.

कृष्णनाथने ते डावीकडून उघडलं. आपण सगळे उघडतो तसंच.

तर त्याला काय दिसलं? पहिल्या पानावर ऊन आणि राखेचा ढीग. पुढच्या पानावर राखेतून हात वर येतो, मग डोकं, मग अख्खा राक्षस, काळे पंख पसरून. काय तो थाट! तो धूर होतो, लांडगा होतो, भिंतीवरून उलटा चालतो. मग रस्त्यावर एक बाई मरून पडलेली. राक्षस वाकतो, तिच्या मानेला तोंड लावतो, आणि पुढच्या चित्रात बाई टवटवीत, घराकडे चाललेली! आणि राक्षसाचे पंख गेलेले. पुढे एक म्हातारा. त्यालाही उठवलं, आणि राक्षसाला लांडगा होता येईना. अशी एकेक शक्ती देत देत तो चालला. मध्येच त्याला सावली आली. मग आरशात तोंड दिसायला लागलं. सुरुवातीला त्याचं हसणं कुऱ्हाडीसारखं होतं, ते हळूहळू लाजरं झालं. शेवटच्या पानावर बर्फात, एका बंद दाराशी, रिकामा वाडगा घेतलेलं सहा-सात वर्षांचं हडकुळं पोर.

कृष्णनाथने पुस्तक मिटलं आणि बायकोला, पद्मावतीला हाक मारली. "पद्मा, बघ गो. सगळ्यांचा रक्त परत केल्यान ह्याना. आणि स्वता उपाशी रवलो."

पद्मावती म्हणाली, "ता बरा. आधी ते मिरचये उन्हातसून काड."

तीन दिवस तो फणसांना हीच गोष्ट करून दाखवत होता. आणि चौथ्या दिवशी, खेळाच्या आदल्या दुपारी, सेजल धापा टाकत आली. सकाळी ती पुस्तक घरी घेऊन गेली होती, तर खोलीत नवी आलेली जपानी मुलगी ते पाहून पोट धरून हसली होती आणि तिने ते उजवीकडून उघडून दाखवलं होतं.

"ऐक मामा. आधी उपाशी पोर. कोण दार उघडीना. मग तो पयला रक्त पिता, कोंबड्याचा. मग शेजाऱ्याचा. दर घोटाक एक नवी शक्ती! सावली जाता, आरशातला तोंड जाता, लाज जाता. शेवटाक सगळा गाव खाता आणि उन्हात जळून राख होता. असा कर फाल्यांच्या खेळात. पोरा नुसती भियेवची नाय, आजारी पडतली!"

"माका नको."

"झगो जातलो तुझो!"

"माझ्या अंगात तो उलटो बसलो गो आता. काडू कसो?"

"मामा, तुका कळता काय, फाल्यां..."

तेवढ्यात एक स्कूटर थांबली, कापा फणस आहे का म्हणून विचारलं, आणि भांडण तिथेच राहिलं. सेजल रागाने पुस्तक तिथेच टाकून गेली.

तीस मेला पटांगण भरलं होतं. पुढे खुर्च्या, मग पोरं, मग बायका. भाषणं झाली. वक्त्यांतला एक कोकणीत बोलला, एक मराठीत, आणि प्रत्येकाच्या वेळी अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आख्यान होतं रुधिरासुर-वधाचं. कृष्णनाथने करवंटी घासून दोन सुळे केले होते आणि दाताच्या खिंडीत पक्के बसवले होते. शिट्टी बंद! चुलीतली राख अंगाला फासून तो रंगमंचावर पालथा पडून होता. लोकांना वाटलं, कसलं तरी बोचकं आहे. झांज वाजली आणि बोचकं उठलं.

"अहाहाहा! हा सूर्य माझं काय वाकडं करणार? त्याला मी सकाळच्या न्याहारीला गिळला होता, बेचव म्हणून थुंकून टाकला!"

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी अशी किंचाळली की खुर्चीवरच्या साहेबांच्या हातातला पेला हिंदकळला. जयवंतने पेटीवर दोन सूर जास्तीचे वाजवले. झगा वाचला. पडद्याच्या फटीतून पाहणाऱ्या सेजलने हुश्श केलं. आता फक्त गरजायचं, पहारेकऱ्याला मारायचं, राजाच्या हातून मरायचं आणि घरी जायचं.

पहारेकरी सगुण होता. तो रीतसर मेला. कृष्णनाथ त्याच्या मानेशी वाकला.

"सगुणा, ऊठ."

"काय? मी मेलंय."

"ऊठ मरे!" आणि बगलेत एक गुदगुली.

सगुण ताडकन उठला. पटांगण हसलं. जयवंतची बोटं पेटीवर थिजली.

"जा," राक्षस म्हणाला, "तुझं रक्त तुला परत. माझे पंख गेले तरी चालतील." आणि त्याने झगा काढून ठेवला.

मग मुकुट गेला. मग मिशा. प्रत्येक वेळी आवाज एक पायरी खाली, पाठ थोडी अधिक वाकलेली. हसणं थांबलं. सत्तावीस वर्षं ज्याने रंगमंच व्यापला, तो माणूस लोकांच्या डोळ्यांदेखत लहान लहान होत चालला होता. जयवंत पेटीमागून दातओठ खात पुटपुटत होता, "मेल्या, काय करतंस? काय करतंस?"

राजा झालेला मंगेश तलवार परजत आला. "दुष्टा, उभा राहा! तुझा अंत जवळ आला आहे!"

राक्षस उभा राहिला नाही. त्याने फतकल मारली, तोंडात बोटं घालून करवंटीचे सुळे काढले आणि राजाच्या पायाशी ठेवले. मग वर बघून हसला. पुढचे दोन दात पडलेल्या सहा वर्षांच्या पोराचं हसू.

"आये," तो म्हणाला, "माका भूक लागली गो. पेज आसा?"

सत्तावीस वर्षांत दशावतारातला राक्षस घरच्या बोलीत बोलला नव्हता. पटांगणात पानाची पिचकारी टाकायचंही कुणाला सुचलं नाही. मंगेशची तलवार वरच्या वर. मारावं तर समोर पोर, न मारावं तर खेळ संपायचा कसा?

बायकांतून एक म्हातारी ओरडली, "तरवार काय दाखयतंस रे त्याका? पोटाक दी कायतरी!"

राक्षस मेल्याशिवाय दहीकाला नाही, हा कंपनीचा रिवाज. काल्याची हंडी कोपऱ्यात तयार होती. जयवंतने हंडीकडे पाहिलं, मंगेशच्या वरच अडकलेल्या तलवारीकडे पाहिलं, कृष्णनाथच्या पसरलेल्या ओंजळीकडे पाहिलं. मग डोळे मिटून त्याने काल्याचं गाणं सुरू केलं.

मंगेशने तलवारीच्या मुठीनेच हंडी फोडली. पहिला काला राक्षसाला. दुसरी ओंजळ त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, ती मघाशी किंचाळलेल्या चिमुरडीची.

नंतर वर्गात मंडळी कपडे बदलत असताना दोन गृहस्थ आत आले. एक म्हणाले, "बघा, काळजाला भिडलं ते कोकणी वाक्य!" दुसरे म्हणाले, "अहो, सव्वा तासाच्या मराठीने जागा केली म्हणून भिडलं!" ते भांडत भांडतच बाहेर गेले.

सेजल मामाची पिशवी भरत होती. पिशवीत ते पुस्तक होतं. त्यात फणसाच्या पानाची एक वाळलेली खूण होती, मामाने आधी जिथून सुरुवात केली त्या तीनशे ऐंशीच्या पानाशी. आणि दुसरी खूण होती उजवीकडच्या पहिल्या पानाशी, अगदी ताजी, चीक न वाळलेली.

"मामा, काल रातचा तू सुलट्या बाजूनपण वाचलंस मा? सगळा?"

कृष्णनाथ तोंडावरचा रंग पुसत राहिला. एवढ्यात जयवंत दारात आला. ओरडावं की मिठी मारावी, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं.

"झगो तुझोच," तो म्हणाला. "पोर किंचाळला, शब्द म्हणजे शब्द. पण कृष्णा, आता एक सांग. कोरगावाक जत्रेचो खेळ आसा. थंय राक्षस मरतलो काय जेवतलो? माका आधी कळाक व्हया. मंगेशाक तलवार दिवची की पेजेचो टोप?"

कृष्णनाथने करवंटीचे सुळे धुऊन खिशात टाकले. उरलेला काला केळीच्या पानात बांधला, पद्मावतीसाठी. सेजलच्या हातातून पुस्तक घेतलं, काखेत मारलं, पायांत चपला सरकवल्या, आणि दारात उभ्या जयवंतच्या बाजूने वाट काढून उन्हात निघून गेला.